बोगनवेलीच्या वीस काड्या

रोपवाटिकेत जिला ‘रूटिंग पावडर’ म्हणतात, तिचे नाव थोडे फसवे आहे. ती भुकटी मुळे देत नाही. मुळे घडवण्याचा निरोप तेवढा देते. निसर्गात हा निरोप ऑक्सिन नावाचे संप्रेरक पोहोचवते. कोवळ्या पानांत आणि शेंड्याच्या कळीत ते तयार होते, फांदीतून खाली उतरते आणि फांदी कापली की कापल्या टोकाशी साचते. तेथील कॅम्बियमलगतच्या काही पेशी मग आपले जुने काम सोडून मूळ घडवू लागतात. १९३४ मध्ये कोगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युट्रेख्ट येथे इंडोल ॲसिटिक आम्ल हे ऑक्सिन वेगळे केले, आणि तेही चक्क मानवी मूत्रातून! पुढच्याच वर्षी झिमरमन व विल्कॉक्सन यांनी अमेरिकेत इंडोल ब्युटिरिक आम्लाचा, म्हणजे आयबीएचा, प्रभाव दाखवला. ते अधिक टिकाऊ असल्याने बाजारातल्या भुकटीत आजही बहुधा तेच असते.

मला त्याची गरज पडली ती भिलाईत. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतले घर निवृत्तीनंतर सोडायचे होते. कुंपणावर आईने लावलेली, पांढऱ्या कडांच्या पानांची जुनी बोगनवेल होती. तिच्या जातीचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे तशीच दुसरी विकत मागायची तरी कशी? बी रुजवून तेच झाड मिळण्याची खात्री नसते. छाटकलम मात्र जनुकीयदृष्ट्या तेच झाड असते. अडचण एवढीच, की अशा चित्रित पानांच्या बोगनवेलींना मुळे सहसा कष्टानेच फुटतात.

जुलैत पाऊस स्थिरावल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीस अर्धपक्व काड्या कापल्या, खालचा काप पेराच्या जरा खाली. दहांना ३००० पीपीएम आयबीएची भुकटी, दहांना काहीच नाही. वाळू, कोकोपीट आणि सावली सर्वांना एकच. विद्यार्थीमित्रांनो, ही बिनभुकटीची दहाची रांग वगळू नका. मध, दालचिनी, कोरफड यांची ‘हमखास’ फळे सांगणारे बहुतेक जण नेमकी तीच वगळतात.

आठ आठवड्यांनी भुकटीच्या सहा काड्या रुजल्या होत्या, बिनभुकटीच्या दोन. इतक्या लहान संख्येवर नियम उभा राहत नाही, पण आमची निकड भागली. न रुजलेल्या काहींच्या तळाशी पांढरट गाठ आली होती. ती किण, म्हणजे जखम भरून काढणारी ऊती; तिला मूळ समजून काडी कुंडीत हलवली तर ती वाळते. मात्रा वाढवूनही उपयोग नसतो. जास्त ऑक्सिनने तळ काळा पडतो आणि कळ्या दबून राहतात. आमच्या आठांपैकी पहिले पान उघडले तेही बिनभुकटीच्या काडीलाच. तिला मुळे मात्र तीनच होती.