वाण परभणीचं, बाजार जालन्याचा

परभणीच्या विकासाचा आराखडा म्हटलं, की चर्चा एमआयडीसीपासून आणि कुण्या मोठ्या कारखान्याच्या आशेपासून सुरू होते. मी शेतमालाच्या अर्थकारणाचा अभ्यासक. मला भेंडीपासून सुरुवात करावीशी वाटते.

बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. जालन्यात त्यांनी दिल्लीच्या ‘पुसा सावनी’ भेंडीचं बियाणं करायला घेतलं आणि १९६४मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी राहिली. १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. पुढं हीच पुसा सावनी केवडा रोगाला बळी पडू लागली, तेव्हा उतारा परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढला. जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचा भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ दिली. ती देशभर पिकली.

तरी बियाण्यांची पेठ ठरलं जालनाच. दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर, विद्यापीठ १९७२पासून आपल्याकडं, आणि कंपन्या तिकडं! एक कारण वाणाच्या जातकुळीतच आहे. सरळ वाणाचं बी शेतकरी घरी धरू शकतो. संकरित बी दरसाल विकत घ्यावं लागतं. कंपनीचा पैसा दुसऱ्यात. विद्यापीठानं शेतकऱ्याला सरळ वाण दिले यात वावगं काहीच नाही, उलट तेच त्याचं काम. मात्र मग शहरानं कमाई बियाण्यात न शोधता कापणीनंतरच्या मालात शोधायला हवी.

इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं २०१८मध्ये आलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी घ्या. एरवीच्या ज्वारीत किलोमागं सुमारे ३० मिलिग्रॅम लोह, हिच्यात ४५. जस्त २०ऐवजी ३२. पण मोंढ्यात आडत्यापुढं ढीग पडला, की ती नुसती ज्वारी. लोह डोळ्यांना दिसत नाही, भाव मात्र डोळ्यांनीच ठरतो. क्ष-किरणांवर चालणारी यंत्रं दाण्यातलं लोह काही मिनिटांत सांगतात. असं एक यंत्र मोंढ्यात, सौद्याच्या आधी वापरता येईल अशा जागी हवं. शेजारी या वाणाला राखीव गोदाम हवं. पीठ, रवा, पोहे करायची विद्या विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात आहेच. तिथली पोरं पदवी घेऊन पुण्याची गाडी धरतात, कारण इथं त्यांना हाताळायला खात्रीचा मालच नसतो.

पहिलं गिऱ्हाईक जिल्ह्यातल्या अंगणवाड्या आणि शाळांचा पोषण आहार असावा. एवढ्यानं भागणार नाही, हेही कबूल. खरिपाची ज्वारी सोयाबीननं केव्हाच मागं सारली. शिवाय एकट्यादुकट्यानं ज्वारी पेरली, तर दाणे पाखरंच खातात. म्हणून गावाच्या गटानं सलग पेरा करायला हवा, आणि लोहामागं किती जादा भाव मिळणार ते मृगाआधी लेखी कळायला हवं. पेरणी उरकल्यावरच्या घोषणेनं सोयाबीनखालचा एक गुंठाही हलणार नाही.