वेगाची कसोटी

पहाट फुटण्यापूर्वीच लालबागेतील एका अरुंद गल्लीत एका दुकानाची फळी उघडली. आत दिव्याच्या मंद प्रकाशात राजदूत ३५० ही मोटारसायकल उभी होती. फरिदाबादच्या कारखान्यात १९८३ साली ही गाडी तयार होऊ लागली. तिच्या मूळ जपानी यंत्राचे बळ सुमारे ३९ अश्वशक्ती होते. पेट्रोल वाचावे म्हणून येथे ते तिसाच्या आसपास आणले गेले, आणि पुढील चाकाला चकतीऐवजी ड्रमचा ब्रेक आला. तिचे उत्पादन थांबून तीन दशके लोटली, तरी तिचे चाहते तिला जिवापाड जपतात.

गाडीचा तरुण मालक गिरगावातील होता. “काका, हिचा वेग वाढवून द्या,” असा त्याचा हट्ट. वृद्ध कारागीर हसून म्हणाला, “आधी ती थांबते कशी ते पाहू. पळायचे काय, ती पळेलच!”

तरुणाला हा भित्रेपणा वाटला. परंतु त्यामागे यंत्रशास्त्राचे सत्य होते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून काकांनी प्रथम चकतीचा ब्रेक बसविला आणि मगच कार्बोरेटरला हात लावला.

मग ते स्वतः गाडी घेऊन परळपर्यंत जाऊन आले. सबंध वाटेत त्यांची दोन बोटे क्लचवर होती. परतताच त्यांनी स्पार्क प्लग काढला. त्याचे टोक फिकट तपकिरी असावयास हवे होते. ते पांढरे पडले होते. यंत्राला पेट्रोल कमी पडत होते.

“चालेल, काका. किल्ली द्या,” तरुण म्हणाला.

काकांनी आपला अधू पाय पुढे केला. “तारुण्यात मीही ‘चालेल’ म्हणालो होतो. घाईत जेट बारीक बसविला. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकला, मागचे चाक जखडले, आणि क्लच दाबायलाही अवधी मिळाला नाही.”

तरुण निमूटपणे बाकावर बसला. जेट बदलून काका पुन्हा परळपर्यंत जाऊन आले, तेव्हा प्लगला हवा तो रंग आला होता.

किल्ली घेऊन तो निघाला. पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हते. तरी गाडी थांबली. ते पाहून काका समाधानाने आत वळले.