अश्विनी ते रेवती

आमच्या घरात संध्याकाळी दिवा लागला की परवचा सुरू व्हायची. पाढे, मग पावकी, निमकी, औटकी. मग वार, महिने, तिथी आणि शेवटी सत्तावीस नक्षत्रं. नवे पैसे 1957 मध्ये आले आणि पावकी-निमकीचा उपयोग उरला नाही, तरी आबांनी त्या सोडल्या नव्हत्या. मला त्यातलं काहीच आवडायचं नाही. 'पूर्वाभाद्रपदा'पाशी माझी जीभ हमखास अडखळायची आणि आबा मला परत 'श्रवण'पासून सुरुवात करायला लावायचे.

पाटण तालुक्यातलं आमचं घर दगड-मातीचं होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास, ते अंगावर आलं. कोयनेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आमच्या घरातली सगळी वाचली, घर मात्र राहिलं नाही. मी आठ वर्षांची होते. त्यानंतरचे कितीतरी दिवस आम्ही खळ्यात झोपलो, खाली भाताचा पेंढा आणि वर घोंगड्या. जमीन मधूनच घुरघुरायची. धक्क्याआधी येणारा तो आवाज ज्यानं ऐकलाय, त्याला ट्रक जवळून गेला तरी आजही पाय जमिनीला घट्ट रोवावेसे वाटतात.

पहिल्याच रात्री मी आबांना विचारलं, "परत हलंल का?"

आजूबाजूच्या सगळ्या बायका आपापल्या पोरांना "नाही रे, आता काही नाही व्हायचं" म्हणत होत्या. आबा म्हणाले, "हलंल. मलाबी भ्या वाटतंय. हललं की अश्विनीपासनं सुरू कर. मोठ्यांदा."

हललं. मी सुरू केलं. अश्विनी, भरणी, कृत्तिका... आबांचा आवाज माझ्या आवाजाखाली चालत होता. 'मघा' येईतो जमीन थांबली होती. मीही थांबले, तर आबा म्हणाले, "रेवतीपतूर जायाचं. मधनं सोडायचं न्हाई." शेजारच्या घोंगडीतून आणखी दोन पोरांचे आवाज आले. 'रेवती' म्हणून झालं तेव्हा माझा श्वास लांब झाला होता आणि दातखीळ सुटली होती.

दुसऱ्या रात्री आबांनी आकाशात बोट दाखवलं. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, जवळ तांबूस रोहिणी, पूर्वेकडून वर चढणारा मृग आणि त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण. इतके दिवस नुसत्या पाठ केलेल्या नावांना त्या रात्री जागा मिळाल्या. खालची जमीन भरवशाची राहिली नव्हती, पण वर सगळं कालच्याच क्रमानं लावलेलं होतं. ज्योतिषाशी याचा काही संबंध नव्हता. आबांनी कधी कुणाची पत्रिका पाहिली नाही.

लग्नानंतर मी मुंबईत, कलिन्याला आले. इथल्या आकाशात नक्षत्रं दिसत नाहीत. ती ऐकू यायची पावसात. सासूबाई कोकणातल्या. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा, असं त्या म्हणत. 26 जुलै 2005 ला पुष्य चालू होतं. त्या म्हाताऱ्यानं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाणी ओतलं. मिठी नदी वाट फुटेल तिकडे पसरली. आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी आलं, तेव्हा तिथली तीन मुलं आणि त्यांची आई वर आमच्याकडे आली. वडील चर्चगेटच्या ऑफिसात अडकलेले. फोन बंद, वीज गेलेली. मधलं पोर एकाच जागी बसून हुंदके देत होतं.

मला दुसरं काही सुचेना. मी अश्विनी, भरणी सुरू केलं. मुलं हिंदी बोलणारी. धाकटीला 'शततारका' ऐकून हसू आलं, इतकंच. मधल्यानं मात्र मान वर करून विचारलं, "आंटी, मैं स्टेशन बोलूं?"

आणि त्यानं सुरू केलं: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल... बाबांना तो एकेका स्टेशनावरून घराकडे आणत होता. दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ. एकदा पोचले की परत चर्चगेट. रात्री कधीतरी तिघं माझ्या लुगड्याच्या घड्यांवर झोपली. वडील दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले, जवळजवळ त्याच क्रमानं.

तेव्हा मला आबांची युक्ती कळली. नक्षत्रं ही निमित्त होती. भीतीला कुठं संपायचं ते ठाऊक नसतं, यादीला असतं. आणि यादी एकट्यानं म्हणायची नसते. खाली कुणा मोठ्याचा आवाज लागतो.

2020 साली माझी नात आठ वर्षांची होती, खळ्यातल्या माझ्याएवढी. तिची आई, माझी लेक, नर्स. 5 एप्रिलला ती कोरोनाच्या ड्यूटीवर गेली: चौदा दिवस वॉर्ड, मग चौदा दिवस वेगळं राहणं. त्याच रात्री नऊला नऊ मिनिटं सगळ्यांनी दिवे घालवले. आम्ही दोघी पणती घेऊन गच्चीवर गेलो. विमानतळ एवढा जवळ, पण विमानं बंद. इतकं शांत आकाश मी मुंबईत पाहिलं नव्हतं.

नातीनं विचारलं, "आजी, आईला काही होईल का?"

'छे, काही नाही होणार' अगदी ओठावर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "मला माहीत नाही. मलाही काळजी वाटते. आज संध्याकाळी फोनवर ती बरी होती. उद्या सकाळी परत विचारू."

मग मी तिला चंद्र दाखवला. मघेचा तारा मागे टाकून तो पूर्वा फाल्गुनीच्या घरात आला होता. "हा रोज एक घर पुढं जातो. सत्तावीस घरं आहेत."

"आणि परत इथंच येतो?"

"इथंच."

त्या दिवसापासून रात्री नऊ ही आमची वेळ ठरली. दिवसभर ती चिडायची, मोबाइलवरच्या शाळेला कंटाळायची, क्वचित काही फेकायचीही. मीही एकदोनदा वाईट ओरडले. पण नऊला गच्ची चुकली नाही. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेपाशी पोचला. चैत्राला चैत्र का म्हणतात, ते तिला मी सांगण्याआधीच कळलं. पुढं चंद्र उशिरा उगवू लागला, अमावास्येला तर दिसेचना. ती रडवेली झाली. तेव्हा आम्ही कालनिर्णय काढलं. त्यात प्रत्येक दिवसाच्या चौकोनात नक्षत्र छापलेलं असतं. न दिसणाऱ्या चंद्राच्या घरावर ती पेन्सिलनं टिंब द्यायची आणि फोनवर आईला सांगायची, "तू आज रेवतीत आहेस."

मन शांत करायचे वर्ग आता मुलांसाठीही असतात, असू देत. पण आपल्या घरात संध्याकाळची एखादी वेळ, पाठ असलेलं काहीतरी आणि खोटं न बोलणारं एक माणूस, एवढं आधीपासून असावं. जमीन हलायला लागल्यावर ते नव्यानं शिकवता येत नाही.

2 मेच्या रात्री चंद्र पुन्हा पूर्वा फाल्गुनीत आला. नात जिन्याकडे बघत बसली होती. मी तिला सांगितलं, चंद्राची फेरी सत्तावीस दिवस आणि काही तासांची असते, आईची अठ्ठावीस दिवसांची. तिनं बोटावर मोजलं आणि झोपायला गेली.

लेक 3 मेला आली.