तिमिंगलाची प्लेट

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या घरात जिन्याखाली एक खोली आहे. तिला खिडकी नाही, आणि दाराच्या फटीवर चिकटवलेलं काळं कापड अजून तसंच आहे. ही बाबांची डार्करूम. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी सत्तावीस वर्षं एक्स-रे काढले. बडा गणपतीपासून छत्रीपुऱ्यापर्यंतच्या किती जणांची हाडं त्यांनी पाहिली, ते त्यांच्या जाडजूड रजिस्टरांनाच ठाऊक. तारीख, नाव, वय, भाग, प्लेटचा आकार, केव्ही. प्रत्येक ओळीत हे सहा रकाने, निळ्या शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात.

डिजिटल मशीनं आली तसं बाबांचं काम आटत गेलं आणि एके दिवशी त्यांनी मशीन काढून टाकलं. डार्करूम मला मिळाली. फिक्सरचा आंबूस वास भिंतींतून अजून गेलेला नाही. त्या वासात बसून मी सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळेपर्यंतचा अभ्यास केला, आणि डिसेंबर २०२२च्या सुट्टीत माझा प्रकल्पही तिथेच केला.

प्रकल्प होता एनजीसी १०६८ या दीर्घिकेवर. तिमिंगल तारकासमूहातली ही दीर्घिका पिएर मेशें यांना १७८० मध्ये दिसली. आपल्यापासून ती सुमारे ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्या मध्यावर दीड कोटी सूर्यांच्या आसपास वस्तुमानाचं कृष्णविवर आहे आणि ते वायू गिळतं आहे. गिळण्याआधी तो वायू तबकडीसारखा फिरत इतका तापतो, की केंद्राचं तेज साऱ्या दीर्घिकेला भारी पडावं. अशा केंद्रांना सक्रिय दीर्घिका केंद्रकं म्हणतात. ‘कृष्णविवर’ हा शब्द मला बाबांकडून मिळाला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या, बक्षीस मिळवलेल्या कथेचं तेच नाव. ती कथा बाबांनी मला शाळेत असताना वाचायला दिली होती. आता माझ्या टेबलावर अजित केंभावी आणि नारळीकर यांचा क्वेसार आणि सक्रिय केंद्रकांवरचा १९९९चा इंग्रजी ग्रंथ होता, आणि त्याच्या शेजारी बाबांचा जुना लाल दिवा.

या दीर्घिकेची अडचण अशी की तिचं केंद्र आपल्याला दिसतच नाही. वायू आणि धुळीचं एक जाड कडं कृष्णविवराभोवती आहे, आणि आपण त्याच्याकडे नेमके कडेने पाहतो. आत काहीतरी धगधगतं आहे हे १९८५ मध्ये अँटोनुच्ची आणि मिलर यांनी दाखवलं. गल्लीच्या वळणामागचा दिवा दिसत नाही, पण समोरच्या भिंतीवर त्याचा उजेड पडलेला असतो, तसा कड्याच्या वर-खाली असलेल्या वायूवरून परतलेला उजेड त्यांनी ध्रुवणाच्या साहाय्याने वेगळा काढला. तरी भिंतीवरचा उजेड तो भिंतीवरचाच. दिवा पाहायचा तर आरपार जाणारे किरण हवेत.

इथे मी बाबांच्या घरात येऊन पोचले.

मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी मला शिकवलं होतं, की मशीनमधून सगळे किरण सारखे निघत नाहीत. मऊ किरण कातडी आणि मांसातच राहतात. ते प्लेटपर्यंत पोचतच नाहीत, पेशंटला नुसता त्रास. म्हणून नळीच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावून ते आधीच गाळायचे. कडक किरण आरपार जातात. हाताला पन्नास केव्ही (किलोव्होल्ट) पुरतात, छातीला साठ-सत्तर, कमरेच्या मणक्याला ऐंशी. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते. पुढे वर्गात अ‍ॅस्ट्रोसॅटवरची उपकरणं शिकताना मी चमकले. २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून गेलेला हा आपला उपग्रह. त्यावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण ०.३ ते ८ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे किरण टिपते आणि लॅक्सपीसी ३ ते ८० केईव्हीचे. दोन्ही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली. ऐंशी! हा तर बाबांचा कमरेचा आकडा.

असल्या दुर्बिणी वर पाठवाव्या लागतात, कारण आपल्या डोक्यावरच्या हवेचं ओझं दहा मीटर खोल पाण्याएवढं आहे. तेवढ्यातून क्ष-किरण उतरत नाहीत. आपण जिवंत आहोत ते त्यामुळेच.

माझ्याकडची निरीक्षणं नासाच्या नूस्टार दुर्बिणीची होती. जून २०१२ मध्ये सुटलेली ही दुर्बीण ३ ते ७९ केईव्हीमध्ये पाहते, आणि तिची जुनी निरीक्षणं कुणालाही उतरवून घेता येतात. मला डिसेंबर २०१२ आणि ऑगस्ट २०१४ या दोन वेळचे वर्णपट शेजारी ठेवायचे होते. अँड्रिया मारिनुच्ची आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं, की ऑगस्ट २०१४ला २० केईव्हीच्या वरचे किरण सुमारे एक-तृतीयांशाने वाढले होते, आणि फेब्रुवारी २०१५पर्यंत ती वाढ नाहीशी झाली होती. तेच मला माझ्या हाताने काढून पाहायचं होतं.

पहिल्या रात्री वाढ निघाली, ती त्यांच्यापेक्षा दुप्पट. मी धावत वर जाऊन बाबांना उठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चूक कळली. पार्श्वभूमी वजा करताना मी ती दुर्बिणीतल्या किरण मोजणाऱ्या शोधकाच्या वेगळ्याच तुकड्यावरून घेतली होती. आकाश काळं असलं तरी शोधक स्वतःहून काहीतरी मोजत असतो, आणि तुकड्यागणिक ते थोडं बदलतं. बाबांपुढे जाऊन हे सांगणं मला फार जड गेलं. ते म्हणाले, “प्लेट फॉग झाली की सगळीकडे काहीतरी असल्यासारखं दिसतं. आम्ही अशा वेळी एक कोरी प्लेट धुऊन बघायचो. तू कोरी धुतलीस का?” मी त्याच तुकड्यावरची कोरी जागा निवडली. आणखी तीन दिवस गेले. चौथ्या रात्री दोन रेषा पडद्यावर आल्या.

डावीकडे, १० केईव्हीच्या खाली, दोन्ही एकमेकींवर अगदी बसलेल्या. ६.४ केईव्हीला लोखंडाचं उंच टोक, तेही तसंच. मग वीसच्या पुढे ऑगस्टची रेषा हळूच वर सुटलेली.

बाबा मागे उभे होते. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. “खाली काहीच फरक नाही?”

“नाही.”

“वरच फक्त. मग मशीन तेच आहे, पेशंट बारीक झालाय.”

मला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं. मारिनुच्चींच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष नेमका हाच आहे. केंद्राचं तेज वाढलं नव्हतं. आपल्या नजरेच्या रेषेतला पडदा काही काळ विरळ झाला, ढगांमध्ये फट पडावी तसा, आणि आतले कडक किरण प्रथमच थेट आपल्यापर्यंत आले. मऊ किरणांना तेवढी फटही पुरली नाही.

त्या पडद्याची जाडी त्यांनी दिली आहे. एरवी दर चौरस सेंटिमीटरमागे हायड्रोजनचे एकावर पंचवीस शून्यं इतके अणू, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या दोन-तृतीयांश. हा आकडा मी कितीदा वाचला होता, पण तो शून्यांच्या गर्दीत हरवलेला होता. बाबांना समजावून सांगायचं म्हणून मी त्याचं वजन काढलं. नुसत्या हायड्रोजनचं धरलं तर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे १७ सेंटिमीटर पाण्याइतकं. ऑगस्टमध्ये ११.

बाबांनी आपल्या पोटावर हात ठेवला. “सतरा सेंटिमीटर? हे तर पोट झालं. मध्यम बांध्याच्या माणसाचं.” मग थोडं थांबून, “आणि अकरा म्हणजे लहान पोर.”

प्रकाशाला ओलांडायला निदान काही वर्षं लागावीत एवढं ते कडं, आणि त्याचा पदर एका माणसाच्या पोटाइतकाच जड! मी तो हिशेब तीनदा तपासला.

उजेड कड्यात अडतो तो कुठे जातो, हे बाबांनी त्यानंतर विचारलं. जेवणं आटोपून आम्ही खाली उतरलो होतो. कडाक्याची थंडी, आणि गल्लीच्या तोंडाशी दूध आटवणाऱ्या हलवायाने कढई उतरवून भट्टीवर राख ओढली होती. “भिया, थोडं हात शेकतो,” म्हणून बाबा तिथे उभे राहिले. वरून पाहिलं तर नुसती करडी राख, विस्तवाचा मागमूस नाही. हात धरला की कळतं. मी म्हटलं, “बाबा, हेच.” कड्यातली धूळ केंद्राचा उजेड पिते, तापते, आणि ती ऊब अवरक्त किरणांनी बाहेर टाकते. केंद्राच्या फार जवळ, दीड हजार केल्विनच्या वर, धूळ टिकतच नाही, वाफ होते. म्हणून कड्याची आतली कड कुठे असेल हे तापमानच ठरवतं. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, चिलीतल्या पारानाल इथल्या दुर्बिणी जोडून मॅटिस उपकरणाने या दीर्घिकेच्या केंद्राजवळच्या धुळीच्या तापमानाचा नकाशा काढला होता, आणि कृष्णविवर धुळीच्या जाड कड्यामागे लपलेलं असल्याचं त्यातून दिसलं. त्या उबेचा मोठा भाग दहा मायक्रॉनच्या आसपास येतो. माणसाच्या तळहाताची ऊबही तिथेच येते. मला या कामात सगळ्यात आवडतं ते हे. क्ष-किरण पडदा भेदून आतलं सांगतात, आणि पडदा स्वतःच्या उबेने आपलं दुखणं सांगतो. दोघांची साक्ष घेतल्याशिवाय त्या केंद्राबद्दल काही बोलू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

साडेनऊच्या सुमारास आम्ही गच्चीवर गेलो. राजवाड्याच्या बाजूला आभाळ पिवळट उजळलेलं. दीर्घिका डोळ्यांनी दिसण्यातली नव्हतीच, पण ती खगोलीय विषुववृत्तावर आहे, त्यामुळे इंदूरहून ती दक्षिणेला बरीच उंच, ६७ अंशांवर येते. मी हात करून जागा दाखवली. बाबा मान वर करून उभे राहिले. त्यांना मान वर करायला त्रास होतो, मी दोनदा खाली बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

सकाळी मी डार्करूममध्ये गेले तर टेबलावर शेवटचं रजिस्टर उघडं होतं. शेवटच्या पेशंटनंतर अर्धं पान कोरं होतं, आणि त्यावर त्याच निळ्या शाईत नवी ओळ. तारीख : ऑगस्ट २०१४. नाव : तिमिंगल, १०६८. भाग : पोट. आकारापुढे रेघ. केव्ही : २०च्या वर. वयाचा रकाना रिकामा सोडून त्यात त्यांनी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी पेन उचललं. त्या किरणांचं वय लिहायचं की कृष्णविवराचं, हे विचारायला वर हाक मारली.

“निघाले तेव्हापासूनचं लिही,” बाबा जिन्यावरून म्हणाले.

मी लिहिलं, ४ कोटी ७० लाख.