नवतपा आणि प्रोसेसर

नागपुरात नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की दुपारी पारा 45 अंशांच्या आसपास खेळतो आणि डेझर्ट कूलर सुरू असला तरी माझी खोली 36 अंशांच्या खाली यायला तयार नसते. त्या खोलीतला संगणक इमारतींची त्रिमितीय चित्रं तासन्‌तास रेंडर करतो. त्यात 16 कोअरचा रायझन 9 5950एक्स आहे. कागदावर त्याची उष्णता 105 वॉट लिहिलेली असते, पण सगळे कोअर कामाला लागले की तो 142 वॉटपर्यंत जातो. ही उष्णता प्रामुख्याने प्रत्येकी 80 चौरस मिलिमीटरच्या आसपास असलेल्या सिलिकॉनच्या दोन तुकड्यांतून बाहेर काढायची असते.

90 अंश ही त्याची मर्यादा. ती गाठली की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. हिवाळ्यात उत्तम चालणारा एअर कूलर मे महिन्यात रोज तिथवर पोचायचा. पंखे पूर्ण वेगाने फिरत राहायचे आणि रात्रीपर्यंत संपणारं काम सकाळवर जायचं. म्हणून पाण्याचा मार्ग धरला.

हा मार्ग नवा नाही. आयबीएमचा 1980 सालचा 3081 हा मेनफ्रेम संगणक पाण्यावरच थंड राहायचा, आणि 1985 च्या क्रे-2 मध्ये तर सर्किटंच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. ॲपलने 2004 मध्ये पॉवर मॅक जी5 द्रवाने थंड करून विकला. कारण सरळ आहे : तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं.

घरच्या रचनेत पाच गोष्टी लागतात. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा वॉटर ब्लॉक, पंप, छोटी टाकी, रेडिएटर आणि नळ्या. मी तीन पंख्यांचा 360 मिलिमीटरचा रेडिएटर घेतला, आणि तो घेताना धातू तपासून घेतला. बाजारात ॲल्युमिनियमचे स्वस्त रेडिएटर सहज मिळतात, पण एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आली की ॲल्युमिनियम झिजू लागतं. ही काटकसर कुणीही करू नये.

पाण्याचंही तसंच. विदर्भातल्या कूलरच्या जाळीवर एका उन्हाळ्यात क्षारांचा पांढरा थर कसा चढतो, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. वॉटर ब्लॉकच्या आतल्या खाचा मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, तिथे असा थर बसला तर प्रवाहच अडेल. नळाचं पाणी म्हणूनच बाद. डिस्टिल्ड वॉटर, आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारं द्रावण, एवढंच भरलं.

खरी परीक्षा गळतीची. मदरबोर्डची वीज पूर्ण तोडून, एसएमपीएसला जंपर लावून फक्त पंप चालवायचा. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळायचा आणि तो ओला होतो का ते पाहत राहायचं. पंप कोरडा चालवायचा नसतो, कारण पाणीच त्याचं वंगण असतं. म्हणून टाकी रिकामी होताच पंप थांबवायचा, पुन्हा भरायची, पुन्हा सुरू करायचा. अडकलेले हवेचे बुडबुडे काढायला कॅबिनेट हळूहळू सगळ्या बाजूंनी कलतं करावं लागतं. संपूर्ण एक दिवस कागद कोरडा राहिला, तेव्हाच प्रोसेसरला वीज दिली. या कामात घाईला जागाच नाही. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही हे खरं, पण धातूंच्या सहवासात ते फार काळ शुद्ध राहत नाही.

आता 36 अंशांच्या खोलीत पूर्ण भाराखाली प्रोसेसर 75 ते 78 अंशांवर राहतो आणि वेग घसरत नाही. मला अधिक मोलाची वाटते ती शांतता. पाणी तापायला वेळ घेतं : 142 वॉट उष्णतेने एक लिटर पाणी एक अंशाने वाढायला सुमारे अर्धं मिनिट लागतं, तेही रेडिएटर काहीच करत नसेल तर. त्यामुळे कामाचा भार क्षणभर उसळला तरी पंखे एकदम ओरडत नाहीत.

मात्र एक गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. डेझर्ट कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून तो हवा खरोखर थंड करतो. संगणकातलं पाणी बंद नळ्यांत फिरतं. ते फक्त उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. ती उष्णता शेवटी खोलीतच सुटते. रेडिएटरला निदान खोलीइतकी तरी गार हवा मिळावी म्हणून तो मी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवला, म्हणजे तो खोलीतलीच हवा आत ओढतो, ग्राफिक कार्डाने तापवलेली नाही. डेझर्ट कूलरच्या थेट झोतापासूनही त्याला दूर ठेवलं, कारण त्या झोतासोबत पाण्याचे तुषार येतात.

तुमचा संगणक पत्रं लिहायला, हिशेब ठेवायला, सिनेमे पाहायला असेल, तर चांगला एअर कूलर पुरतो. त्यात बिघडण्यासारखा पंखाच काय तो असतो. तासन्‌तास रेंडर किंवा व्हिडिओचं काम असेल तर आधी मे महिन्यातल्या एका दुपारी पूर्ण भाराखाली प्रोसेसरचं आणि खोलीचं तापमान मोजा. प्रोसेसर मर्यादेच्या दहा-बारा अंश खाली असेल, तर पाण्याच्या रचनेचे पैसे खोलीच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावण्यात घाला.