सालनाचा डाग

बासी ईदच्या दुपारी आमच्या गालिच्यावर सालन सांडलं. सांडलं अम्मींच्या हातून. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरच्या पुढं, उजवा हात थरथरतो. दस्तरखानावर वाटी ठेवता ठेवता ती कलंडली आणि हळद-तेलाचा ओघळ थेट बाहेर, गालिच्यावर गेला.

मी काही बोलले नाही. खरंच नाही. पण पंचवीस मुलांच्या वर्गात न बोलता शांतता कशी आणायची हे शिक्षिकेला चांगलं ठाऊक असतं. तोच चेहरा मी त्या दिवशी घरी केला असणार.

या गालिच्याची थोडी कथा आहे. आमच्याकडं अम्मींच्या लग्नातली सुती सतरंजी होती, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. ऑगस्ट २०२०च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांमधल्या कितीतरी घरांसारखं आमच्याही घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर सतरंजी चिखलाखालून निघाली. धुतली, वाळवली, परत धुतली. वास गेला नाही आणि पिळताना सूतच तुटायला लागलं. अम्मींनी स्वतःच ती बाहेर नेऊन ठेवली. पुढं सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता हाती आला तेव्हा मी नागपूरहून गालिचा आणला. दुकानदार म्हणाला, अस्सल भदोहीचा आहे, लोकरीचा. मी विश्वास ठेवला. बी.एड.ला मानसशास्त्र शिकलेय, गालिचे नाही.

तर डाग. मी धावत जाऊन कपडे धुण्याची पावडर आणली, पाण्यात कालवली आणि ब्रशनं खसाखसा घासलं. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. आणि दुप्पट मोठा. अम्मी घाबरून म्हणाल्या, "या अल्लाह, खून कहाँ से आया?" धाकटीला हसू आलं, मला रडू.

मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला. ते आधी खो खो हसले. "मॅडम, मुलांना हळदीच्या कागदाचा प्रयोग आपण दरवर्षी दाखवतो ना? साबण आम्लारी, हळद त्यात लाल होते. लिंबू पिळा, परत पिवळी होईल." मी लिंबू पिळलं. झाली. इतकी वर्षं त्याच शाळेत शेजारच्या वर्गात मराठी शिकवते, पण तो कागद कधी निरखून पाहिला नव्हता.

मग त्यांनी नीट सांगितलं. घासायचं नाही. घासलं की डाग धाग्यांच्या बुडाशी उतरतो आणि पसरतो. टिपायचं, कडेकडून मधल्या बाजूला. कापड पांढरंच घ्यायचं, नाहीतर त्याचाच रंग उतरायचा. सालनात दोन डाग असतात, एक तेलाचा, एक हळदीचा. तेल आधी काढायचं. सांडल्याबरोबर तांदळाचं पीठ भुरभुरलं असतं तर त्यानं बरंच तेल शोषलं असतं. (तांदूळ तर आमच्या जिल्ह्यात घरोघरी!) ती वेळ गेली होती. आता कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, टिपणं, मग साध्या पाण्यानं टिपणं. राहिलेली हळद उन्हावर सोडायची. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

"आणि ब्लीच लावू नका," ते म्हणाले. "लोकर असेल तर विरघळून जाईल. लोकरच आहे ना? कडेचा एक धागा काढून जाळून बघा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येईल आणि राख बोटांत चुरेल."

मी धागा जाळला. तो वितळला. खाली कडक काळा मणी राहिला आणि बादली जळाल्यासारखा वास.

प्लास्टिक. इतकी वर्षं मी त्यावर कुणाला चहा घेऊन बसू देत नव्हते, ते प्लास्टिक.

गालिचा तीन दुपारी गच्चीवर टाकला. आमच्याकडच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी डाग कुठं होता ते शोधावं लागलं.

पण अम्मी त्या दिवसापासून गालिच्यावर बसेनात. मागच्या खोलीत चटई टाकून घेतली, ताट तिथंच मागवू लागल्या. विचारलं की म्हणायच्या, "यहाँ हवा अच्छी आती है, दुल्हन." त्या खोलीला खिडकी एकच आहे आणि ती गल्लीच्या भिंतीकडं उघडते. शोहर म्हणाले, तू माफी माग. मी म्हटलं, कशाची? मी बोलले तर काहीच नव्हते. आठवडाभर याच शब्दावर अडून राहिले. डागाला ऊन मिळालं, याला काय द्यायचं ते सरही फोनवर सांगू शकले नसते.

शेवटी जुम्याच्या दिवशी दुपारी चहा घेऊन त्यांच्या चटईवर जाऊन बसले. म्हटलं, "अम्मी, उस दिन मेरा मुँह खराब था. माफ कर दो." त्या गप्प. मग मी जळलेल्या धाग्याची गोष्ट सांगितली. तो काळा मणी मी काडेपेटीत जपून ठेवला होता, तो दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, चष्म्याजवळ नेला.

"पिलास्टिक? इत्ते पैसे में?"

आणि त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. सतरंजी गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आल्या, डागाच्या जागेवरच बसल्या आणि चहा बशीत ओतून मागितला. मी दिला. बशी थरथरत ओठांपर्यंत जाईस्तोवर माझी नजर तिच्यावरून हलली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. रिकामी बशी उपडी करून मला दाखवत म्हणाल्या, "देख ले. नहीं गिरी."