तापाचा तक्ता

आमच्या पिढीचे डॉक्टर वॉर्डात आधी ताप बघायला शिकले. पहाटे सिस्टर पाऱ्याचा थर्मामीटर झटकत खाटेमागून खाट घेत आणि पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर एकेक ठिपका वाढे. पिशवी काढलेली बाई आठ-दहा दिवस तिथेच असे. रेघ वर चढली की राउंड तिच्यापाशी थांबे, पट्टी सुटे, टाके तपासले जात.

ते दिवस चांगले होते म्हणताना जीभ अडखळते. गर्भाशयातल्या गाठींपायी अंगावरून जाऊन पांढरीफटक पडलेली पस्तिशीची बाई येई आणि बहुतेकदा तिला एकच उत्तर मिळे, पिशवी काढा. वीतभर चीर, पिकलेले टाके, मुलाची आशा संपलेली. तिला काय हवं आहे, हे आम्हीही फारसं विचारत नव्हतो.

१९९५ साली पॅरिसच्या राव्हिना आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नवी वाट मांडली. शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं म्हणून ते आधी गर्भाशयाच्या धमन्या बंद करत. तेवढ्यानेच अनेकींचा त्रास इतका उतरला, की शस्त्रक्रिया लागलीच नाही. आता जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून धमन्यांत कण सोडतात, गाठीचं रक्त तुटतं, गाठ आक्रसते. एक-दोन दिवसांत बाई घरी, पिशवी जागच्या जागी.

पण मेलेली गाठही जागच्या जागीच असते. पहिल्या आठवड्यातली कसकस, मळमळ, थोडा ताप बहुधा संसर्गाचा नसतो. खरा संसर्ग पुष्कळदा उशिरा येतो, काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. गाठ पोकळीच्या बाजूला असेल तर धोका जास्त. उतरलेला ताप पुन्हा चढतो, दुखणं वाढतं, घाण वासाचं पाणी जातं. मग रक्ततपासणी, कल्चर, सोनोग्राफी किंवा एमआरआय, शिरेतून अँटिबायोटिक्स. अडकलेला तुकडा दुर्बिणीने काढावा लागतो आणि फारच बिघडलं तर पिशवीच. १९९९ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशा संसर्गाने झालेल्या मृत्यूची नोंद ‘लॅन्सेट’मध्येच केली. असं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा ती बाई आमच्या नजरेसमोर नसते.

तेव्हा शेजारची खाट बोलायची. “डॉक्टर, हिला रात्री हुडहुडी भरली होती, वासही येतोय,” असं शेजारीण बिनदिक्कत सांगायची. आता व्हॉट्सॲपवर येतं, “मॅडम, १०१ आहे, गोळी घेऊ का?” वासाबद्दल कुणी आपणहून लिहीत नाही. संकोच वाटतो, आणि तो जाईपर्यंत दोन दिवस जातात. त्या गजबजलेल्या, फिनेलच्या वासाच्या वॉर्डात कुणाही बाईला पुन्हा दहा दिवस ठेवावं असं मला वाटत नाही. ती शेजारीण मात्र हवी होती.

म्हणून डिस्चार्जच्या कागदावर मी आता हाताने लिहिते: ताप १००.४ च्या वर गेला, दुखणं वाढलं, वास आला, तर रात्र असली तरी फोन करा, मधे कितीही महिने गेले असले तरी. आणि तिची हरकत नसेल तर सोबतच्या बहिणीला, जावेला बसवून तेच पुन्हा तोंडी सांगते, वासासकट.